निद्रा : श्रमाचे फळ की कृपेचे दान?



रात्रीचे दोन वाजून गेले आहेत. घरातील सर्वजण गाढ झोपेत आहेत आणि तुम्ही मात्र कुशी बदलत पडला आहात. मुलाची नोकरी, आईचे दुखणे, कर्जाचा हप्ता असे एकामागून एक विचार येत आहेत. निजण्यापूर्वी तुम्ही प्रार्थना केली होती. तरीही झोप नाही, आणि आता ह्या सर्व विचारांहून अधिक बोचणारा एक विचार मनात डोकावतो : माझा विश्वासच उणा आहे काय? चिंता करू नका अशी प्रभूची आज्ञा असता मी चिंतेने जागा आहे, म्हणजे मी पाप करीत आहे काय?

ह्या प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत. तो मला तटस्थपणे करता येणार नाही, कारण ह्या बाबतीत माझ्या हातून एक अपराध घडलेला आहे.

सुमारे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीतील एक सेवानिवृत्त परिचारिका त्या वर्षी विधवा झाल्या होत्या. एका सायंकाळी प्रार्थनासभा संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत धडधडतं. काय करू?" मला घरी जाण्याची घाई होती. देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, ह्या अर्थाचे वचन मी त्यांना सांगितले आणि वर म्हणालो, "बाई, तुम्ही सगळा भार प्रभूवर टाकलेला नाही, म्हणून असं होतं." त्या एवढेच म्हणाल्या, "बरं, सर." त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. वचनाने आपले कार्य केले, असे समजून मी निश्चिंत झालो.

दोन वर्षांपूर्वी पाळी माझ्यावर आली. पत्नीच्या तपासण्या चालू होत्या, मुलाचे काम सुटले होते आणि भाषांतराचा मसुदा सुपूर्द करण्याची मुदत जवळ येत होती. सुरुवातीला दोनचार रात्री गेल्या, मग महिने गेले. मी जे वचन त्या भगिनीला ऐकवले होते, तेच आता रात्री माझ्याच आवाजात मला ऐकू येऊ लागले. देव प्रियजनांना झोप देतो, मग मी प्रियजनांपैकी नाही काय?

ज्याचा व्यवसायच शब्द तपासणे हा आहे, तो अशा वेळी मूळ संहितेकडे वळतो. हे वचन १२७ व्या स्तोत्राच्या दुसऱ्या चरणातील आहे. झोपेसाठी तेथे 'शेना' हा इब्री शब्द आहे. एरवी त्याच्या शेवटी 'हे' हे अक्षर येते, येथे मात्र 'आलेफ' आहे. त्याहून महत्त्वाची अडचण व्याकरणाची आहे. देव झोप देतो, असा अर्थ घेता येतो. आणि माणूस झोपेत असताना देव त्याला देतो, असाही घेता येतो. जगातील भाषांतरे ह्या ठिकाणी विभागली गेली आहेत. स्तोत्राच्या शिरोभागी शलमोनाचे नाव आहे, आणि 'प्रियजन' ह्या अर्थी वापरलेला 'यदीद' हा शब्द शलमोनाच्या 'यदीद्या' ह्या दुसऱ्या नावात आढळतो. गिबोन येथे रात्री स्वप्नात ज्याला देवाने ज्ञान देऊ केले, तो हाच शलमोन.

भाषांतर कोणतेही स्वीकारले, तरी एक गोष्ट स्पष्ट राहते. पहाटे लवकर उठणे, रात्री उशिरापर्यंत बसणे आणि कष्टाची भाकर खाणे ह्यांना ते स्तोत्र व्यर्थ ठरवते. ते बोलत आहे ते सारे काही आपल्याच श्रमांवर उभे आहे असे मानणाऱ्या माणसाशी. जागणाऱ्याला अविश्वासू ठरवण्यासाठी ते लिहिलेले नाही. दानाविषयीचे वचन मी परीक्षेचे वचन करून टाकले होते. ज्याला दान मिळाले नाही त्याला दात्याने नाकारले, असे अनुमान मी काढले. ते त्या वचनात कोठेही नाही.

पवित्र शास्त्र झोप आणि विश्वास ह्यांचा असा सरळ हिशेब मांडतच नाही. ७७ व्या स्तोत्रात आसाफ तक्रार करतो की, देवच त्याच्या पापण्या मिटू देत नाही. आणि ही तक्रार मंडळीने उपासनेत गावी म्हणून जतन केली गेली. पेत्राकडे पाहा. तुरुंगात दोन शिपायांच्या मध्ये, साखळदंडांनी बांधलेला असताना तो झोपला, आणि गेथशेमाने बागेतही झोपला. तुरुंगातील झोपेला आपण विश्वास म्हणतो, तर बागेतील झोपेबद्दल त्याला प्रभूचा ठपका ऐकावा लागला. स्वतः प्रभू येशू वादळात नावेच्या मागच्या भागी उशीवर निद्रिस्त होता, पण त्या बागेत, त्या रात्री, जागा होता आणि व्याकूळ होता. जो पापरहित, तो दुःखाने जागा राहिला. मग जागरण हेच पाप, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

तर मग चिंता प्रभूवर टाकण्याचा अर्थ काय? पेत्राच्या पहिल्या पत्रातील 'टाकणे' ह्या अर्थाचे ग्रीक क्रियापद नव्या करारात अवघे दोनदा येते. दुसरे स्थान लूकच्या १९ व्या अध्यायात आहे, जेथे शिष्य आपली वस्त्रे शिंगरावर टाकतात. अंगावरचे वस्त्र उतरवून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवावे, इतकी ही साधी कृती आहे. शिवाय ग्रीक वाक्यरचनेत ही स्वतंत्र आज्ञा नाही. आधीच्या वचनात देवाच्या हाताखाली नम्र होण्याची आज्ञा आहे, आणि चिंता टाकणे हे त्या नम्र होण्याचेच अंग म्हणून जोडलेले आहे. ह्यात मनाला शांत होण्याचा हुकूम नाही. रात्रीचा पहारेकरी मी नाही, एवढे मान्य करावयाचे आहे. १२१ व्या स्तोत्रातील राखणदार डुलकीही घेत नाही. मग आम्हा दोघांनी जागण्याचे कारण काय? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही दिवस संध्याकाळीच सुरू होतो. मनुष्य निजतो तेव्हा दिवसाचा आरंभ झालेला असतो. तो उठून कामाला लागतो तेव्हा देवाचे काम आधीपासून चाललेले असते.

येथे वैद्यकशास्त्राचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. झोपेचा प्रयत्न जितका नेटाने करावा तितकी ती दूर पळते, कारण प्रयत्न म्हणजे सावधपणा आणि सावधपणा म्हणजे जागृती. तासन्‌तास तळमळत पडल्याने शरीर अंथरुणालाच जागण्याची जागा समजू लागते. रिचर्ड बूटझिन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली ह्यावर साधी शिस्त सुचवली : झोप आली तरच अंथरुणावर जावे, थोड्या वेळात झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद प्रकाशात शांत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे, दिवसा निजू नये. अशा शिस्तीला विचारांच्या उपचाराची जोड देणारी पद्धत दीर्घकाळच्या निद्रानाशावर प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली केली. चहाकॉफीतील कॅफिन शरीरातून निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणून सायंकाळच्या सभेनंतरचा कडक चहा मी सोडला. घड्याळाचे तोंड भिंतीकडे केले.

मला सर्वांत उपयोग झाला तो एका कागदाचा. निजण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणारे लोक, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे आधी झोपले, असे अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील एका लहान प्रयोगात आढळले. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. मी जेवणानंतर कागदाचे दोन भाग करू लागलो. एका बाजूस उद्या माझ्या हातून होण्यासारखे ते, दुसऱ्या बाजूस माझ्या हातात नाही ते. दुसरी बाजू वाचून प्रार्थना करावयाची आणि कागद टेबलावर ठेवून द्यावयाचा.

तिसऱ्या की चौथ्या रात्री पहिल्या बाजूस एक ओळ आपोआप लिहिली गेली : बाईंची क्षमा मागणे. दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकल्यावर दारयावेश राजाला झोप आली नाही. ज्या हुकूमाने ते घडले, त्यावर त्याने स्वतःच सही केलेली होती. प्रत्येक जागरणाचे असे कारण नसते, आणि तसे ते दुसऱ्याने शोधून तर मुळीच देऊ नये. परंतु एखादी चिंता खरोखर आपले देणे असते. तिचे सांत्वन करून भागत नाही, ते देणे फेडावे लागते.

मी त्यांच्या घरी गेलो. माझे बोलणे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, सर. वॉर्डात जागी असायची तेव्हा मला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. घरी जागी राहिले तेव्हा तुम्ही म्हणालात." थोड्या वेळाने चहा ठेवायला उठल्या आणि विचारले, "तुम्हाला आता झोप लागते का?" त्यांनी तेव्हाच डॉक्टर गाठले होते, आणि ही गोष्ट मंडळीत कोणालाही सांगितली नव्हती. सांगायला मी जागाच ठेवली नव्हती.

म्हणून, वाचकहो, दोन विनंत्या करतो. तुम्ही जागणारे असाल, तर जागरणावर अपराधाचे ओझे चढवू नका. आठवड्यातून तीन रात्री ह्याप्रमाणे तीन महिने असेच चालले, झोपेत श्वास अडकत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल, तर डॉक्टरांकडे जा. औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. मात्र झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच घटकेला कोणाला तरी हाक मारा. भारत सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

आणि तुमच्याकडे कोणी जागरणाचे गाऱ्हाणे घेऊन आला, तर वचन सांगण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा. बागेत प्रभूने आपल्या मित्रांकडे तेवढेच मागितले होते : आपल्याबरोबर जागे राहणे. एलीया जिवाला कंटाळून रतामाच्या झाडाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा निजू दिले.

माझ्या रात्री आता पुष्कळशा बऱ्या जातात, सर्व नव्हे. ज्या रात्री झोप येते त्या रात्री ती मी मिळवलेली नसते. ज्या रात्री येत नाही त्या रात्री मी उठून खिडकीजवळ बसतो आणि जे कोणी जागे असतील त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्यांत कदाचित तुम्हीही असाल.