मागे वळून डसणारी पाळी

अमेरिकेतले विमान वाहतूक नियंत्रक आपल्या एका पाळीपत्रकाला ‘रॅटलर’ म्हणतात. रॅटलर म्हणजे शेपटी खुळखुळवणारा विषारी साप. मागे वळून डसतो. आधी दोन दुपारपाळ्या, मग दोन सकाळच्या आणि त्याच रात्री रातपाळी. पाच पाळ्या साधारण ८८ तासांत उरकायच्या, की पुढचे ८० तास मोकळे.

हा साप वरून कुणी सोडलेला नाही, नियंत्रकांनीच लाडाने पाळलेला आहे. त्यांना मी वेडं म्हणणार नाही. पोराचा सामना चुकला तर ते त्याच संध्याकाळी बोलून दाखवतं. चुकलेली झोप बोलत नाही. उशिरा झोपणं शरीर एकवेळ चालवून घेतं, पण रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर झोप म्हटलं, की टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहतं.

आपल्याला वाटतं, ताण गर्दीचा. पडदाभर विमानं असली की अंगातली तरतरीच माणसाला तारून नेते. घात होतो तो पहाटे, सगळं शांत असताना.

२७ ऑगस्ट २००६. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या टॉवरमध्ये एकटाच नियंत्रक. आदल्या दिवशी दुपारी अडीचला सुटून तो रात्री साडेअकराला पुन्हा हजर झालेला. दोन पाळ्यांमध्ये किमान आठ तास हवेत, असा तेव्हाचा नियम. याला नऊ मिळाले होते. झोप लागली जेमतेम दोन तास. सहा वाजून गेल्यावर त्याने कॉमएअरच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली आणि पाठ फिरवून विमानांची मोजदाद करायला घेतली. विमान भलत्याच, आखूड धावपट्टीवर उभं होतं. ४९ जण गेले. चौकशीत ठपका वैमानिकांवर आला, तो रास्तच. तरी ती फिरवलेली पाठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

२०११ मध्ये आठाचे नऊ तास झाले. २०२४ मध्ये दहा, आणि रातपाळीआधी बारा ठरले. बरं झालं, पण माणसंच कमी, म्हणून कित्येकांना आठवड्याचे सहा दिवस काम करावं लागतं. शिवाय त्या तासांतच गाडी हाकणं, अंघोळ, जेवण, घरचं एखादं बिल. उरतात दुपारचे चार-पाच तास. जाड पडदा ओढलेला, फोन बंद, आणि खिडकीखाली नुकतीच शाळा सुटलेली पोरं.