बाहुलीचा तोल

तंजावरला बदलून आलेल्या आम्हां मंडळींच्या घरी येथली डोलणारी बाहुली हटकून आढळते. बूड गोल व जड असल्याने ती कितीही कलती केली तरी पुन्हा सरळ होते. तिचा तोल तिच्या देहातच असतो.

बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे तसे नव्हते. १९६७ साली प्रथम उडालेल्या ठेंगण्या घडणीवर मोठी इंजिने बसविताना ती पुढे व वर सरकवावी लागली. त्यामुळे काही प्रसंगी विमानाचे नाक वर जाऊ पाही. ते खाली दाबण्यासाठी एक स्वयंचलित यंत्रणा योजली गेली. ती एकाच संवेदकाच्या साक्षीवर विसंबे, आणि वैमानिकांना तिची माहितीच दिलेली नव्हती. साक्ष खोटी निघाली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात १८९ माणसे गेली. मग माहिती दिली गेली, परंतु दोष तसाच राहिला. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात आणखी १५७ गेली. दोन संवेदकांची साक्ष ताडून पाहण्याची सुधारणा त्यानंतर झाली. ती आधी अशक्य नव्हती.

उणीव झाकणारी योजना करणे हा अपराध नव्हे. पण ज्याच्या हाती सुकाणू दिले त्याच्यापासून ती लपविणे हा आहे. आणि नुसते सांगून मोकळे होणेही पुरेसे नाही. हाताखालच्या माणसावर जबाबदारी सोपवून तिची कारणे कपाटात ठेवणारे आम्ही अधिकारी तरी याहून निराळे काय करतो? टेबलावरची बाहुली अजून डोलतेच आहे.