खाणीचें देणें

एखादें गांव कशावर जगतें, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. त्या गांवच्या भूमींतून जें धन निघतें त्यावर अद्याप न जन्मलेल्या पिढीचा कांहीं हक्क आहे कीं नाहीं, हा प्रश्न मात्र नीतिशास्त्राचा आहे. लहान गांवांच्या भवितव्याची चर्चा करतांना पहिल्यावर पुष्कळ बोललें जातें व दुसरा मागें पडतो, असें आम्हांस वाटतें.

जॉर्जिया देशांतील चियातुरा या गांवाचें उदाहरण येथें पाहण्याजोगें आहे. तेथें १८७९ पासून मँगनीज निघतें. सोव्हिएट राजवटींत गांवाचा धनी एकच, तो म्हणजे सरकार. खाण त्याची आणि कामकऱ्यांना दरीवरून नेणारे, दोरावर चालणारे पाळणेहि त्याचेच. १९९१ सालीं तें राज्य मोडलें. १९८९ मध्यें सुमारें तीस हजार असलेली वस्ती २०१४ च्या शिरगणतींत तेरा हजारांच्या आंत आली. पुढें खाण खासगी मालकांकडे गेली, तरी कामगारांचे संप थांबले नाहींत. धनी बदलला, परंतु गांवाचें परावलंबन कायम राहिलें.

या दूरच्या गांवाशीं आमच्या भंडारा जिल्ह्याचें एक जुनें नातें आहे. १९०५ च्या सुमारास रशियांतील बंडाळीमुळें तिकडील मँगनीजची निर्यात अडली, तेव्हां हिंदुस्थानांतील मँगनीजला तेजी आली. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी आज मॉईल कंपनीकडे आहेत. ही कंपनी १९६२ सालीं सरकारी भागीदारीनें निघाली, १९७७ मध्यें पूर्णतः सरकारी झाली व २०१० मध्यें तिचे कांहीं भाग लोकांस विकले गेले. धनी कोणीहि असो, खनिज एकदांच निघतें.

याच जिल्ह्यांत दुसऱ्या प्रकारचें धनहि आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनीं बांधलेल्या तलावांवर येथील धान पिकत आलें आहे. बांधणाऱ्यांनीं तें काम आपल्या शेतासाठीं केलें. परंतु त्याचें फळ कित्येक पिढ्यांनीं खाल्लें. १९५१ मध्यें मालगुजारी गेली, तलाव बहुतांशीं सरकारकडे आले, आणि जेथें गांवाचें लक्ष उडालें तेथें गाळ सांचला. खाण उपभोगानें सरते. तलाव हेळसांडीनें सरतो. पहिलें टाळतां येत नाहीं, दुसरें येतें.

२०१५ च्या कायद्यानें खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचें ठरलें. जुन्या पट्ट्यांच्या बाबतींत स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम त्यांत भरावी लागते. ही रक्कम आम्ही देणगी समजत नाहीं. तें देणें आहे. यावर कोणी म्हणेल, आज ज्याच्या घरीं औषधाला पैसा नाहीं त्यानें नातवाच्या नातवाची चिंता कां करावी? हा आक्षेप खरा आहे, आणि आजाऱ्याच्या तोंडचें औषध काढून भविष्याची पूजा करणें ही नीति नव्हे. परंतु आज व उद्यां यांचें वैर सदैव असतेंच असें नाहीं. तलावाचा गाळ काढला तर मजुराला आज मजुरी मिळते आणि शेताला पुढें पाणी. मुलाला यंत्राचें काम शिकविलें, भंडाऱ्याचें पितळकाम व मोहाडीकडील कोशाचें विणकाम यांस बाजार मिळवून दिला, तर आजची चूल पेटते आणि खाणीवांचून जगण्याची विद्या गांवांत राहते. जो खर्च दोन्ही काळांस उपयोगी पडतो त्याला पहिलें स्थान द्यावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

तुमसरच्या नागरिकांनीं वर्षांतून एकदां तरी विचारावें: यंदा भूमींतून किती धन गेलें, आणि त्याच्या बदल्यांत टिकणारें असें गांवांत काय आलें? हा हिशेब खाण चालूं असतांनाच मांडला पाहिजे. ती बंद पडल्यावर तो विचारणारेहि गांवांत राहत नाहींत.