मांडलेला पट

शहापूर तालुक्यांतील एका शाळेस शहरांतून निवृत्त झालेले कांहीं संगणक मिळाले आहेत. मुरबाडकडचा आमचा एक माजी विद्यार्थी त्यांची देखभाल करितो. त्यांपैकीं एका जुन्या यंत्रास निजवून पुन्हा जागें केलें, कीं आंतील काम सुरू होई. पडदा मात्र काळाच राही. 'जुनें झालें, टाकून द्या,' असा सल्ला आम्हींही दिला. त्यानें तो मानला नाहीं.

वीज सुरू होतांच बायॉस नांवाची मूळ आज्ञावली ग्राफिक्स कार्डावरील रजिस्टरें भरते: रेषा किती, स्पंदनांचा वेग कोणता, चित्र कोणत्या वाटेनें बाहेर जावें. पुढची ड्रायव्हर ही आज्ञावली हा मांडलेला पट गृहीत धरून चाले. निद्रेंत कार्डाची वीज तुटे व रजिस्टरें पुसलीं जात. जागें होतांना बायॉस तें काम पुन्हा करीत नसे. रिकाम्या पटावर खेळ कसा चालावा? विद्यार्थ्यानें ड्रायव्हरकडूनच तीं रजिस्टरें क्रमवार भरविलीं, आणि पडदा उजळला.

ड्रायव्हर लिहिणारा आळशी खास नव्हता. त्याच्यापुढें पट नेहमीं मांडलेलाच असे, म्हणून तो कोणी तरी मांडतो हें त्याच्या ध्यानांतच आलें नाहीं. आम्हां सुशिक्षितांचें याहून निराळें काय आहे? १८९२ सालीं तानसा धरण झालें. पुढें वैतरणा व भातसा यांचेंही पाणी मुंबईस गेलें. तोटी फिरविणाऱ्यास धरण आठवत नाहीं, आणि त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात.

यावर कोणी म्हणेल, जुन्याचें ओझें किती दिवस वाहावें? प्रश्न रास्त आहे. लिनक्सचा जन्म १९९१ सालीं ज्या ३८६ प्रोसेसरावर झाला, त्याचाच आधार २०१२ च्या डिसेंबरांत काढून घेण्याचें ठरलें. त्यामुळें सांभाळणाऱ्यांचे श्रम वाचले, आणि गोष्ट उघडपणें झाली. त्यांत आम्हांस अधर्म दिसत नाहीं. अधर्म आहे तो 'आधार आहे' असें म्हणत राहून पडदा काळा ठेवण्यांत. स्पष्ट नकार मिळालेला मनुष्य दुसरी वाट शोधतो. आश्वासनावर विसंबलेला मात्र आपल्याच यंत्रास, आपल्याच नशिबास दोष देत बसतो.

म्हणून जें पाळणें शक्य नाहीं तें सोडल्याचें सांगावें. जें पाळतों म्हणतों, त्याचा पट पहिल्या घरापासून स्वतः मांडावा. त्या विद्यार्थ्यानें आपली दुरुस्ती मूळ लेखकांकडेही पाठविली. तसलेंच यंत्र आणखी कोणाकडे असेल, तर आपला पडदा काळा राहिला असता हें त्यास कळणारही नाहीं. आम्हीं मात्र आपला सल्ला परत घेतला.