सही कुणाची, अर्थ कुणाचा?

शब्द दिला की पाळायचा, हे मला मान्य आहे. भारताने १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार स्वीकारला आणि २००५ पासून खुद्द औषधावर पेटंट द्यायला सुरुवात केली. पण ‘शोध’ म्हणजे काय, हे करारात सांगितलेलंच नाही. ते आपल्या संसदेने ठरवलं: जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी नसेल, तर पेटंट नाही. २०१३ मध्ये याच कलमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिव्हेकला पेटंट नाकारलं.

ही पळवाट आहे का? मला नाही वाटत. संशोधनाला पैसा लागतो, खरंच. पण सरकारने सही केली ती पेशंटच्याही वतीने. मग मोकळ्या सोडलेल्या शब्दाचा अर्थ लावताना त्याला विसरणं, हाच शब्द मोडणं.