लोणारची राजभेट आणि पुढारीपण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार उल्कापाताने झालेल्या सरोवरामुळे जगास ठाऊक आहे; परमार्गीयांस ते श्रीचक्रधर प्रभूंच्या चरणस्पर्शाने वंद्य आहे. इ. स. १२४६ च्या सुमारास देवगिरीच्या गादीवर आलेला यादव राजा कान्हरदेव याच स्थानी सर्वज्ञांच्या दर्शनास आला, असे लीळाचरित्र सांगते. राजाने द्रव्य पुढे केले. सर्वज्ञांनी ते आपल्यापाशी ठेविले नाही. वाचक ही लीळा वैराग्याची खूण मानून पुढे जातो. परंतु तेवढ्याने तिचा अर्थ संपत नाही.

ज्याचे द्रव्य घ्यावे त्याचे दोष प्रथम दिसेनासे होतात, आणि दिसले तरी बोलवत नाहीत. म्हणून लोकांस नीती सांगू इच्छिणाऱ्याचे पहिले साधन वाणी नव्हे, निरपेक्षता होय. नागदेवाचार्यांनी केशोबासांस संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, तेही याच जातीचे. पंडितांच्या सभेतील मान गेला तरी चालेल, पण मराठीवाचून ज्ञानाला मुकणाऱ्या म्हाताऱ्या वंचित राहू नयेत, ही त्यांची दृष्टी. द्रव्याहून मान सोडणे अधिक कठीण, हे विद्वानांस वेगळे सांगावयास नको!

आता आपल्या गावांकडे पाहावे. दारूने घरे मोडत असता दारूविक्रेत्याचेच नाव आश्रमाच्या फरशीवर कोरले गेले, तर त्या मंडपातील व्यसनमुक्तीचे प्रवचन कोण खरे मानील? ‘पैसा सत्कार्यास लागला, मग दोष कोणता?’ असे वासनिक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. मंडपाला पत्रे लागतात, साधूंना अन्न लागते. पण त्या पत्र्यांखाली बसलेल्या बाईच्या घरातूनच तो पैसा आलेला असतो. तिच्यासमोर उपदेशकाने कोणत्या तोंडाने बोलावे?

वासनिकांतील जे सरपंच आहेत, पतसंस्थेचे संचालक आहेत, त्यांचीही कसोटी हीच. सभेत शाल घेतली की दुसऱ्या दिवशी सही मागितली जाते.

येथे एक गोष्ट सुटू नये. सर्वज्ञांनी राजास परत धाडले नाही. त्यास दर्शन दिले, दूर राहिले ते द्रव्य. दारूविक्रेताही जीवच आहे. तो निरूपणास आला तर त्यास पुढे बसवावे. त्याची पावती मात्र फाडू नये. आणि हे त्यास पुढील उपहारापूर्वी, चारचौघांत नव्हे, एकांतात सांगावे.