देश, काल, पात्र आणि टू-स्ट्रोक

कोणती गाडी चांगली, हा प्रश्न पनवेलला नवा नाही. बोरघाटाचा रस्ता 1830 साली चाकांच्या वाहतुकीस खुला झाला आणि खाडीच्या बंदरात उतरलेला माल ज्या गावातून देशावर चढू लागला, त्या गावच्या कारागिरांनी घडविलेल्या चाकांचा लौकिक घाटाच्या दोन्ही अंगांस पसरला. तेव्हा तुंबा कोणत्या लाकडाचा असावा, आरे किती असावेत आणि लोखंडी धाव किती जाड असावी, यावर येथील बाजारात पुष्कळ वाद झडले असतील. आज तोच वाद निराळ्या वस्तूविषयी कानी येतो. डोंगरच्या पायवाटेवर आणि मातीच्या शर्यतपथावर चालविण्याच्या ज्या लहान टू-स्ट्रोक मोटारसायकली, ज्यांना सारे सर्रास डर्ट बाइक म्हणतात, त्यांत श्रेष्ठ कोणती, असे हौशी पालक आणि त्यांची त्याहून हौशी मुले विचारीत असतात. प्रश्न दिसायला दुकानदारीचा आहे. परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर देऊ पाहणारास थोड्याच वेळात असे आढळून येते की, आपण यंत्रशास्त्राची हद्द ओलांडून धर्मविचाराच्या मुलखात केव्हाच शिरलो आहो. वस्तूचे चांगलेपण त्या वस्तूच्याच ठायी असते की अन्यत्र, हा त्या मुलखातील जुना आणि अद्याप निकालात न निघालेला दावा आहे.

प्रथम यंत्राची रुजवात घेऊ. फोर-स्ट्रोक एंजिनात इंधन आत घेणे, ते दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार क्रियांना चार स्वतंत्र अवसर मिळतात, आणि त्यासाठी दट्ट्यास दोनदा खाली व दोनदा वर जावे लागते. पूरक, कुंभक आणि रेचक यांचा क्रम जसा प्राणायामात मोडत नाही, तसा येथेही मोडत नाही. टू-स्ट्रोकमध्ये हा सारा व्यवहार दट्ट्याच्या एकाच खाली-वर होण्यात उरकावा लागतो, म्हणून श्वास आणि उच्छ्वास जवळजवळ एकाच क्षणी चालतात. इंग्लंडात बाथ येथे जोसेफ डे याने 1890 च्या सुमारास टू-स्ट्रोक एंजिनाची जी साधी रचना बसविली, तीत इंधन आधी दट्ट्याखालच्या पेटीत शिरते, तेथून वर ढकलले जाते, आणि येणाऱ्या ताज्या इंधनाच्या रेट्यानेच जळालेला धूर बाहेर लोटला जातो. पेटीत स्वतंत्र वंगण ठेवण्यास जागाच नसल्यामुळे ऑइल पेट्रोलमधूनच पोचवावे लागते आणि ते पेट्रोलबरोबरच जळते. या घाईचा मोबदला असा की, प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट मिळतो, भाग थोडे लागतात, आणि मुलालाही उचलून उभी करता येईल इतक्या हलक्या गाडीत पुष्कळ बळ साठविता येते. तिचा दंड असा की, नव्या इंधनाचा काही अंश धुराबरोबर न जळताच निसटून जातो.

या निसटण्यावर जो उपाय सापडला, तो मला एंजिनांच्या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन याने एक्झॉस्टच्या नळीस मध्ये फुगवटा आणि शेवटी निमुळता आकार असा दिला की, बाहेर पडलेला दाबाचा तरंग त्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरतो आणि निसटू पाहणारे इंधन, दार मिटण्याच्या आतच, पुन्हा आत लोटतो. हे गुपित त्याचाच स्वार अर्न्स्ट डेग्नर याने 1961 साली देशांतर करून सुझुकीच्या पदरी टाकले, ही राजकारणाची हकीकत येथे ओझरती सांगून पुरे. आपल्या विषयास महत्त्वाचे ते इतकेच की, हा तरंग ठरावीक वेगालाच वेळेवर परततो. त्या वेगाच्या खाली गाडी मंद आणि रुसलेली असते, आणि तो वेग येताच ती एकाएकी उसळते. शर्यतवाले याला पॉवरबँड म्हणतात. पुढे एक्झॉस्टच्या तोंडाची उंची वेगानुसार कमीजास्त करणारी झडप निघाली आणि हा स्वभाव काहीसा निवळला. परंतु स्वभाव तो स्वभाव.

आता तुलना करू. यामाहाची पीडब्ल्यू-50 ही 1980 च्या दशकाच्या आरंभापासून जवळजवळ तशीच चालत आलेली गाडी. तिला गिअर नाहीत, साखळीऐवजी दांडा आहे, ऑइल वेगळ्या टाकीतून आपोआप मिसळते, आणि मुलाने मूठ किती पिळावी याची मर्यादा बाप एका स्क्रूने ठरवून देऊ शकतो. केटीएमची 50 एसएक्स तितक्याच घनफळाची आणि तीही गिअरविरहित. परंतु पाण्याने थंड राहणारी, डिस्क ब्रेकची, लांब झोक्याच्या सस्पेन्शनची, म्हणजे आकार खेळण्याचा आणि वृत्ती शर्यतीची. त्यापुढे केटीएमची 65 एसएक्स आणि कावासाकीची केएक्स-65 येतात, ज्यांत सहा गिअर आणि हाताचा क्लच आल्यामुळे मुलास प्रथमच पॉवरबँडशी स्वतःच्या जबाबदारीवर सामना द्यावा लागतो. आणि त्यापुढे 85 घनसेंटिमीटरच्या गाड्या, ज्यांवरून पडणे हा केवळ खरचटण्याचा विषय राहत नाही. शर्यतीची गाडी आणि वाटेची गाडी यांतही भेद आहे: वाटेच्या गाडीस फ्लायव्हील जड हवे, म्हणजे चढावर ओल्या मुळीवरून जाताना एंजिन बंद पडत नाही, गिअरांची अंतरे रुंद हवीत, स्प्रिंग मऊ हवेत, टाकी मोठी हवी. शर्यतीच्या गाडीस नेमके याच्या उलट हवे. एकीचा गुण तो दुसरीचा दोष, आणि दोन्ही दोष कारखानदाराने जाणूनबुजून घडविलेले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी लावताना दिलेल्या वस्तूचे मोल विचारलेले नाही. योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्राला दिले की नाही, हे विचारले आहे. तेच दान अन्य देशी, अन्य काळी, अपात्री दिले म्हणजे तामस होते. पनवेलशेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीता उलगडली आणि पुढे वर्षानुवर्षे देश पायांनी तुडविला. त्यांनी या यंत्रांकडे पाहून काय म्हटले असते याची कल्पना करवत नाही. परंतु त्या श्लोकाची कसोटी दानापुरतीच आहे असे मानण्याचे कारण नाही. बापाने मुलास गाडी घेऊन देणे हेही दानच होय.

यावर एक आक्षेप संभवतो. चांगलेपण जर देश, काल आणि पात्र यांच्यावर अवलंबून असेल, तर मग चांगले असे काहीच उरत नाही, ज्याला जे आवडले ते त्याला चांगले! प्रत्येक विधान अमुक एका अपेक्षेनेच खरे असते, या जैनांच्या स्याद्वादावरही असाच आरोप वरवर वाचणाऱ्यांनी केलेला आहे. वस्तुतः प्रकार नेमका उलट आहे. ‘65 एसएक्स श्रेष्ठ’ हे निरपेक्ष विधान कोणीही बिनधोक करू शकतो, कारण ते खोटे ठरविण्यास आधार सापडत नाही. परंतु ‘सहा वर्षांच्या, सायकलही नुकतीच शिकलेल्या या मुलास, या उतारावर, पावसाळ्यानंतरच्या या मातीत ती श्रेष्ठ’ असे म्हटले की विधान ताबडतोब पडताळ्यास उभे राहते, आणि बहुधा पडते. अपेक्षा सांगितल्याने निवाडा सैल होत नाही. उलट बोलणारास तो तंतोतंत बांधून घेतो.

पात्राचा विचार येथेच थांबत नाही, कारण गाडीवर बसणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. केटीएमने या लहान गाड्या 2024 साली भारतात आणल्या, तेव्हा त्यांच्या किमती चार लाखांच्या पुढच्या होत्या; त्याच नावाच्या फोर-स्ट्रोक गाड्या घाटापलीकडे चाकणला होतात, पण या मात्र परदेशातून येतात. इतका पैसा ओतल्यावर बाप केवळ मुलाच्या आनंदावर समाधान मानील, अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाशी विसंगत आहे. बादरायणाने ब्रह्मसूत्रांत असा प्रश्न उपस्थित केला आहे की, ज्याला काहीच मिळवायचे नाही त्या ब्रह्माने जग निर्माण करण्याचे प्रयोजन काय. आणि उत्तर दिले आहे की, केवळ लीला. भाष्यात शंकराचार्य दोन उदाहरणे देतात: सर्व इच्छा तृप्त झालेला राजा किंवा अमात्य क्रीडास्थानी रमतो, आणि श्वासोच्छ्वास कोणत्याही बाह्य प्रयोजनावाचून आपोआप चालतो. मुलाचे मातीतले घिरट्या घालणे या व्याख्येच्या पुष्कळ जवळ आहे; ते कोठेही जात नाही, काही आणीत नाही, जेथून निघाले तेथे परत येते. परंतु कुंपणाशी हातात घड्याळ धरून उभा असलेला बाप त्या निष्प्रयोजन फेऱ्यांना प्रयोजन चिकटवितो, आणि मुलाची क्रीडा त्याच्याही नकळत बापाचे सकाम कर्म होऊन बसते. अशा घरात पीडब्ल्यू-50 चा तो मर्यादेचा स्क्रू मुलाच्या मुठीपेक्षा बापाच्या महत्त्वाकांक्षेवर बसविण्याची सोय असती तर बरे झाले असते.

खरा गुंता देशाचा आहे, आणि येथे पनवेलचा भूगोलच साक्षीस येतो. गावाच्या एका अंगास कर्नाळ्याचा सुळका आणि त्याभोवतीचे 1968 साली घोषित झालेले पक्षी अभयारण्य. दुसऱ्या अंगास प्रबळगड, कलावंतीण, आणि त्यामागे माथेरान, जेथे दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारीस मज्जाव आहे. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीवर चढणारी वाट पाहून डर्ट बाइकवाल्याच्या तोंडास पाणी सुटावे हे स्वाभाविक आहे. परंतु ती वाट कोणी खेळासाठी पाडलेली नाही. माचीवरच्या ठाकरांचे धान्य, गॅसची टाकी, दुखणाईत माणूस, शाळेत जाणारे पोर, सारे त्याच वाटेने खालीवर होते. आणि वाटेवरची वहिवाट ही आपल्या महसुली व्यवहारात इतकी गंभीर गोष्ट मानली आहे की, शेताची वाट कोणी अडविली तर तहसीलदाराने त्याचा निवाडा करावा म्हणून 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा अजून चालू आहे. अडविणे म्हणजे काटेरी कुंपणच घालावे लागते असे नाही. पावसाने भिजलेल्या लाल मातीत गाठीदार टायरने खोदलेल्या चरातून पुढच्या सरीचे पाणी धावते, आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईस तेथे पाय टाकता येत नाही. तिची वहिवाट अडली, ती कोणाच्या गरजेने नव्हे तर कोणाच्या तरी लीलेने.

म्हणून वाटेची गाडी श्रेष्ठ की शर्यतपथाची, या प्रश्नाचा माझ्यापुरता फैसला यंत्र पाहण्याआधीच झालेला आहे. लीला निर्दोष असते ती जेथे दुसऱ्याच्या प्रयोजनाचा छेद जात नाही तेथेच. शंकराचार्यांचा राजाही क्रीडास्थानी खेळतो, रयतेच्या शेतात खेळत नाही. कायदा या बाबतीत धर्मापेक्षा फार मागे नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची जी व्याख्या आहे, तीत जनतेला ये-जा करण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट समाविष्ट होते. नोंदणी नसलेल्या गाडीला तेथे मुभा नाही, परवाना नसलेल्या मुलाला तर नाहीच, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधात पालकालाच जबाबदार धरले जाते. तरीही रविवारी पहाटे डोंगराच्या पायथ्याशी टेम्पोतून गाड्या उतरताना दिसतात, आणि त्यांवर बसणारे लोक एरवी सिग्नल पाळणारे, कर भरणारे सभ्य नागरिक असतात. डोंगर कोणाचाच नाही, या समजुतीइतकी सोयीची समजूत दुसरी नाही.

कालाविषयी थोडक्यात. एकेकाळी टू-स्ट्रोक हा खेळ नव्हता, संसार होता. 1972 ची लुना, आकुर्डीचे बजाज स्कूटर, राजदूत, आणि 1985 पासून दहा-अकरा वर्षे बनलेली यामाहा आरएक्स-100, यांवर कारकून कचेरीत गेले, दुधाच्या किटल्या पोचल्या, लग्ने जमली. पेट्रोलपंपावर टू-टी ऑइल मागून टाकीत ओतणे हा दिनचर्येचा भाग होता, आणि काळ्या पडलेल्या प्लगला पॉलिश पेपर मारणे हे कसब प्रत्येक गृहस्थास येत असे. तो धूर आपण गरजेपोटी सहन केला. प्रदूषणाच्या नियमांनी तो रस्त्यावरून हटविला, आणि आता तेच एंजिन, गरज पूर्ण संपल्यावर, शुद्ध क्रीडेच्या रूपाने परत आले आहे. मेस्त्री लोक जुन्या आरएक्स-100 ला फुगीर सायलेन्सर आणि गाठीदार टायर बसवून मातीत घालतात. त्यात जी माया आहे ती चार लाखांच्या नव्या गाडीत मला दिसत नाही, पण तो माझ्या पिढीचा पक्षपात असेल.

तेव्हा विचारणारास माझे सांगणे असे. मूल लहान असेल तर पीडब्ल्यू-50, आणि स्क्रू निम्म्याहून अधिक सोडू नये. ते स्वतः क्लचची गाडी मागू लागेपर्यंत 65 ची घाई करू नये. 85 चा विचार मुलाने करावा, बापाने नव्हे. आणि यांतील कोणतीही गाडी चालवायची ती कुंपण घातलेल्या, मालकाची परवानगी असलेल्या मैदानात. पुण्यास बालेवाडीच्या स्टेडियममध्ये 2024 च्या जानेवारीत सुपरक्रॉसची शर्यत भरली तेव्हा ट्रकांनी माती आणून, उंचवटे रचून पथ तयार केला होता. असा तात्पुरता पथ पनवेलच्या आसपास, इमारती उठण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे पडून असलेल्या एखाद्या भूखंडावर रचण्याची तजवीज अशक्य नाही. शेजारच्या वस्तीने आवाजाची तक्रार केली तर तीही ऐकून घ्यावी लागेल, आणि न जळता निसटलेल्या पेट्रोलचा हिशेब तर कुंपणाच्या आतही सुटत नाही. काडेनचा तरंग पुष्कळ परत आणतो, सगळे आणीत नाही.